फोडाची कातडी न कापणाऱ्या सिस्टरना

सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

लांब पल्ल्याची वाट जिथे संपली, तिथे प्रथमोपचाराच्या टेबलापाशी तुम्ही एकेक पाय हातात घेऊन बसला होतात. आम्ही मोहिमेचे स्वयंसेवक त्या सगळ्या पायांच्या वतीने हे पत्र लिहितो आहोत. उघड लिहायचं कारण एवढंच, की बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं चालतं. कात्री निघते, फोडाची कातडी कापली जाते, वर स्पिरिट ओततात आणि माणूस ओरडला की औषध लागू पडलं असं समजतात.

तेव्हा पहिले आभार कात्री डब्यातच ठेवल्याबद्दल. फोडावरची कातडी मेलेली दिसली तरी तिच्याइतकी चांगली पट्टी कुठल्या पेटीत मिळत नाही. बूट घासून वरची साल निघते ते सोलटणं वेगळं. फोड आतून होतो. पावलागणिक हाड पुढेमागे सरकतं, घामाने ओलसर झालेली कातडी मात्र मोज्याला धरून राहते. या ओढाताणीत त्वचेचे आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि त्या पोकळीत लस, म्हणजे पाण्यासारखा स्राव, भरते. वरची कातडी शाबूत राहिली तर तिच्याखाली दिवसाभरातच नव्या पेशी बनू लागतात आणि साधारण ५ दिवसांत नवा वरचा थर तयार होतो. ती कापली की त्याच जागी चरचरणारी उघडी जखम उरते.

सुई हातात घ्यायच्या आधी तुम्ही प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होतात, ‘मधुमेह आहे का?’ ज्यांनी हो म्हटलं, किंवा ज्यांच्या तळपायाला बधिरपणा होता, त्यांचे फोड तुम्ही फक्त झाकलेत आणि त्यांना सरळ डॉक्टरांकडे पाठवलंत. दुखणं कळतच नसेल तर जखम चिघळलेलीही उशिराच कळते. हा प्रश्न आता आमच्या नोंदणीच्या कागदावर आला आहे.

बाकीच्यांतही सरसकट पाणी काढलं नाहीत. छोटा, न दुखणारा फोड तसाच ठेवून नुसता झाकला. रक्ताने भरलेल्या फोडाला हात लावला नाहीत, कारण तिथे रक्तवाहिन्याही फाटलेल्या असतात आणि जंतू आत गेले तर त्रास वाढतो. चवड्यावर जाड घट्ट्याखाली खोलवर ठसठसणाऱ्या फोडातही सुई घातली नाहीत. पाणी वरून दिसतच नाही, मग टोचणार कुठे? नखाखाली साचलेलं पाणीही डॉक्टरांवर सोडलंत. सुई निघाली ती टम्म फुगलेल्या, पाऊल टेकू न देणाऱ्या, बुटात चिरडून वेडेवाकडे फाटतील अशा फोडांसाठी.

ते कसं केलंत हे आमच्यातल्या नव्यांसाठी सविस्तर लिहून ठेवतो. हात आणि पाय साबणाने धुऊन कोरडे केले, फोडावर आणि भोवती स्पिरिटचा बोळा फिरवून तो वाळू दिला. सुई बंद पाकिटातली, निर्जंतुक. (ज्योतीवर धरलेल्या सुईला काजळी धरते, ती आत जाते.) भोक फोडाच्या माथ्यावर न पाडता कडेला, बुडाशी पाडलं. सुई कातडीला जवळजवळ समांतर धरली आणि पाणी आपसूक उतरेल अशा बाजूला दोन-तीन भोकं केली. मग गॉझने हलकेच दाबलं. एकच बारीक भोक थोड्या वेळात बुजतं आणि फोड पुन्हा भरतो, मग लोकांना वाटतं उपचार फसला. म्हणून पहिल्या २४ तासांत आणखी एक-दोनदा पाणी काढावं लागेल, हे तुम्ही आधीच सांगून ठेवत होतात. फोडातून दोरा ओवून ठेवायची जुनी चाल कुणीतरी सुचवली, ती तुम्ही साफ मोडून काढलीत. त्या दोऱ्यावरून पाणी बाहेर येतं तशी घाणही आत जाते.

वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, न चिकटणारं गॉझ आणि त्यावर पेपर टेप. प्रतिजैविक मलमाचा आग्रह धरणाऱ्यांना तुम्ही थांबवलंत तेही बरं झालं. त्यातल्या निओमायसिनची काहींना ॲलर्जी असते आणि स्वच्छ फोडाला जेली पुरते. पेपर टेपच का, हे टेप काढताना कळतं. कापडी चिकटपट्टी ओढली की फोडाची कातडीही तिच्याबरोबर येते. ज्यांनी वाटेतच तशी पट्टी लावली होती, त्यांची तुम्ही तेलाने भिजवून, कातडीला समांतर दुमडत, अगदी सावकाश सोडवलीत. टेपचे कोपरे गोल कापणं, टाचेला टेप लावताना घोटा काटकोनात धरायला लावणं, या गोष्टी किरकोळ दिसतात. पण पाऊल सैल सोडून लावलेल्या टेपला चालताना सुरकुती पडते आणि त्या सुरकुतीखाली नवा फोड येतो.

हायड्रोकोलॉइडच्या, म्हणजे लस शोषून घेणाऱ्या चिकट पट्ट्या तुम्ही कातडी आधीच निघून गेलेल्या जागांसाठी राखून ठेवल्यात. ती जागा सलाईनने धुतली, स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड जवळही येऊ दिलं नाहीत. पट्टी तळहातांत मिनिटभर गरम केली, भोवतीच्या कोरड्या कातडीवर चांगली बोटभर बसेल एवढी मोठी घेतली. आतून पांढरट फुगा दिसला तरी तो पू नव्हे, पट्टी लस शोषून फुगते, ती आपणहून सुटेपर्यंत ठेवा, हे सांगितलं नसतंत तर निम्म्या लोकांनी त्याच रात्री उचकटून पाहिलं असतं.

ज्यांना अजून थोडं चालायचं होतं, त्यांना फोडाभोवती बसणारी फेल्टची, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरी कापडाची, कडी कापून दिलीत. छिद्र फोडापेक्षा मोठं, जाडी फोडाच्या उंचीपेक्षा जास्त. फोडावरच गादी ठेवली तर बूट तिथेच आणखी आवळतो, हे साधं गणित आम्ही अनेकांना पटवून थकलो आहोत.

निघताना प्रत्येकाला दिलेल्या सूचना आम्ही फळ्यावर लिहून घेतल्या आहेत. मिठाच्या गरम पाण्यात तासभर पाय बुडवून बसू नका, कातडी भिजून सुटते. गॉझची पट्टी रोज बदला, ओली झाली तर लगेच. काही दिवस मागून उघड्या चपला वापरा. लंगडत चाललात तर गुडघा धरेल. लाली दिसली तर तिच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवा. लाली रेघेबाहेर गेली, पू आला, पायावर लाल रेषा वर चढू लागली, जांघेत अवधाण आलं किंवा ताप भरला तर त्याच दिवशी डॉक्टर. धनुर्वाताच्या इंजेक्शनचीही तुम्ही चौकशी केलीत. एकाने हसून ‘फोडच तर आहे’ म्हटलं. १९२४ साली अमेरिकेच्या अध्यक्षांचा, कॅल्विन कूलिज यांचा, १६ वर्षांचा मुलगा टेनिस खेळताना पायाला आलेल्या फोडातून रक्तात जंतुसंसर्ग होऊन दगावला. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती, आज आहेत, पण ती वेळेवर सुरू झाली तरच उपयोगाची.

तुमच्या सांगण्यावरून आमच्या पेटीतली कात्री आता फक्त टेप आणि फेल्ट कापण्यापुरती राहिली आहे. बंद पाकिटातल्या सुया, सलाईनच्या छोट्या बाटल्या, पेपर टेप आणि फेल्ट वाढवलं आहे, कापसाचे गठ्ठे कमी केले आहेत. कापूस जखमेला चिकटतो म्हणालात, ते लक्षात आहे. पुढच्या मोहिमेआधी पेटी एकदा तपासून द्याल का?

आपले कृतज्ञ,
मोहिमेचे स्वयंसेवक