मधमाशीपालनाच्या प्रशिक्षणात नागपूरचा उन्हाळाही हवा

संपादक महोदय,

मधमाशीपालनाच्या प्रशिक्षणवर्गांची आणि मधपेट्यांवरील अनुदानाची वृत्ते आपल्या दैनिकात अधूनमधून वाचायला मिळतात. असाच एक वर्ग पूर्ण करून मी कळमेश्वरजवळ नातेवाइकांच्या संत्राबागेत सातेरी या देशी जातीच्या माश्यांच्या पेट्या ठेवल्या आहेत. त्या अनुभवावरून सांगावेसे वाटते की, जे शिकवले गेले ते चुकीचे नव्हते, परंतु ते विदर्भाच्या ऋतुमानाला धरून नव्हते आणि त्याचा फटका नवशिक्यालाच बसतो.

आपल्या राज्यात या व्यवसायाचे शास्त्र प्रामुख्याने सह्याद्रीच्या आश्रयाने वाढले. मध संचालनालय महाबळेश्वरला, केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था पुण्याला, आणि २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून पुढे आलेले मांघरही महाबळेश्वर तालुक्यातलेच. तेथे जांभूळ-हिरड्याचा फुलोरा आणि मुसळधार पाऊस यांवर मधपाळाचे वर्ष बेतलेले असते. आपल्याकडे मात्र थंडीत तूर फुलते, जानेवारी-फेब्रुवारीत संत्र्याचा आंबिया बहार येतो, मागोमाग कडुनिंब आणि करंज, आणि मग मे महिना उभा ठाकतो. पावसाळ्यात साखरेचा पाक देऊन वसाहत कशी जगवावी, हे वर्गात सविस्तर सांगितले गेले. पारा ४५ अंशांच्या वर गेल्यावर काय करावे, यावर अवाक्षरही नव्हते.

पिलाव्याचे (पोळ्यातील अंडी-अळ्यांच्या भागाचे) तापमान माश्या ३४-३५ अंशांच्या आसपास राखतात. बाहेर त्याहून दहा अंश जास्त असले की कामकरी माश्या पाणी आणून पोळ्यावर पसरतात आणि पंखांनी वारा घालत राहतात. जवळ पाणी नसेल तर त्या ते शोधत हिंडतात, आणि नागपुरात ते हमखास शेजाऱ्यांच्या कूलरमध्ये सापडते. (गच्चीवर पेटी ठेवू पाहणाऱ्यांनी शेजारधर्माचा हा भाग आधीच ध्यानात घेतलेला बरा.) मधाने जड झालेले पोळे उष्णतेने मऊ पडून चौकटीतून खचते, सातेरी तर त्रास असह्य झाला की पेटी सोडून निघूनच जाते. दाट सावली, पेटीवर ओले गोणपाट आणि माश्यांना बसायला खडे टाकलेले पाण्याचे पसरट भांडे, असे हे साधे उपाय आहेत. पण ते एप्रिलपूर्वी कळायला हवेत.

हाताळणीचेही तेच. वर्गात पेटी एकदाच उघडली गेली आणि सारा वेळ राणी शोधण्यात गेला. वास्तविक नवशिक्याला राणी दिसण्याची गरज नसते. सूर्याकडे पाठ करून चौकट पेटीच्या वरच धरली की ऊन खांद्यावरून थेट पोळ्यातील घरांच्या तळाशी पडते. तेथे कणीहून बारीक, पांढरे अंडे उभे दिसले, तर राणी गेल्या तीन दिवसांत तेथे होती एवढे निश्चित होते, कारण त्यानंतर अंड्यातून अळी बाहेर येते. हे मला पुढे एका जुन्या मधपाळाने बागेत उभे करून शिकवले आणि ते काही मिनिटांत समजले.

राज्याच्या मधकेंद्र योजनेत ५० टक्के अनुदान असले, तरी उरलेली निम्मी गुंतवणूक लाभार्थ्याचीच असते. वसाहत पळाली की तीही जाते. म्हणून खादी मंडळ, कृषी महाविद्यालय आणि कृषी विज्ञान केंद्र यांना विनंती आहे की, नागपूर जिल्ह्यातील वर्ग सलग न घेता त्याचे दिवस विभागावेत: काही नोव्हेंबर-डिसेंबरात तुरीच्या शेतात, काही फेब्रुवारीत काटोल-नरखेडच्या बागांत आणि काही भर मेमध्ये. बहारातल्या दिवसांना बागायतदारांनाही बोलवावे, म्हणजे फुलांवर फवारणी टाळण्याविषयी आणि ती अटळच असेल तर माश्या परतल्यावर सायंकाळी करण्याविषयी त्यांच्याशी समोरासमोर बोलता येईल. प्रमाणपत्र मात्र मे महिन्याच्या अखेरीस, प्रशिक्षणार्थ्याची पेटी पाहूनच द्यावे.

— एक वाचक, नागपूर