टक्केवारीआधी कंबर मोजा

संपादक महोदय,

सोसायट्यांमध्ये, ज्येष्ठ नागरिक संघांत आणि कार्यालयांत भरणाऱ्या आरोग्य शिबिरांत अलीकडे रक्तदाब आणि साखरेबरोबर शरीरातील चरबीचे प्रमाणही सांगितले जाते. माणूस अनवाणी काट्यावर उभा राहतो, थोड्याच वेळात छापील कागद हाती येतो आणि त्यावर ‘चरबी २४ टक्के’ या आकड्याशेजारी हिरव्या रंगात ‘सामान्य’ असा शेरा असतो. अशा शिबिरांत नोंदणीच्या टेबलावर मी बसतो. साठी ओलांडलेले, पोट चांगलेच पुढे आलेले गृहस्थ तो शेरा पाहून निर्धास्त होताना दिसतात आणि त्याची मला काळजी वाटते.

प्रचलित तक्त्यांत ४० ते ५९ वयाच्या पुरुषांसाठी साधारण ११ ते २२ टक्के आणि ६० ते ७९ वयासाठी १३ ते २५ टक्के चरबी योग्य मानली जाते. या आकड्यांचे मूळ २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. तो अमेरिका, ब्रिटन आणि जपानमधील प्रौढांच्या मोजमापांवर आधारलेला होता आणि त्यात आधी बीएमआयच्या, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणाऱ्या आकड्याच्या, मर्यादा धरून त्या त्या बीएमआयला चरबी साधारण किती असते, हे काढले होते. म्हणजे तक्त्यातली वरची सीमा ही बीएमआय २५ असलेल्या माणसाची चरबी आहे. भारतीय डॉक्टरांनी मात्र २००९ सालीच एकमताने २३ला जादा वजन आणि २५ला लठ्ठपणा ठरवला. ज्या रेषेला या निकषाने लठ्ठपणा सुरू होतो, तिथपर्यंत हा तक्ता ‘सामान्य’ म्हणत राहतो.

हा फरक किती खरा आहे, हे पुण्यातच दाखवले गेले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचाही बीएमआय नेमका २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. बीएमआयच्या हिशेबात दोघेही सडपातळ होते. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३पासून चाललेल्या अभ्यासात तर नवजात बाळांतही हेच आढळले. इंग्लंडमधील बाळांच्या तुलनेत आपली बाळे वजनाला बरीच कमी भरतात, पण त्यांची उणीव स्नायूंत आणि अवयवांत असते, चरबी मात्र त्या मानाने टिकून राहते. पन्नाशीतल्या माणसाच्या पोटाचा विचार करताना केवळ त्याच्या जिभेला दोष देणे म्हणूनच मला अन्यायाचे वाटते.

शिवाय, एकूण चरबी किती यापेक्षा ती कुठे साठली आहे, याला अधिक महत्त्व आहे. मांड्यांवरची, कातडीखालची चरबी तुलनेने निरुपद्रवी असते. पोटाच्या आत, यकृताभोवती आणि यकृतात साठणारी चरबी मात्र इन्सुलिनचे काम बिघडवते आणि मधुमेह, हृदयविकार यांची वाट मोकळी करते. पायांतून विजेचा सूक्ष्म प्रवाह सोडणारा काटा हा भेद नीट दाखवू शकत नाही. तो मुळात अंगातल्या पाण्यावरून अंदाज बांधतो, त्यामुळे सकाळी उपाशीपोटी आणि संध्याकाळी चालून घामाघूम झाल्यावर एकाच माणसाचे दोन वेगळे आकडे येऊ शकतात.

याउलट साधी टेप बरेच काही सांगते. भारतीय पुरुषांसाठी कंबरेच्या घेराची मर्यादा ९० सेंटीमीटर आहे. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हा दुसरा सोपा नियम ठेंगण्या माणसासाठी अधिक कडक ठरतो, कारण १६५ सेंटीमीटर उंचीच्या गृहस्थाला तो ८२.५वरच थांबायला सांगतो. मात्र पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. पोट सुटले की पुरुष पँट पोटाखाली बांधतात, नंबर वर्षानुवर्षे ३४च राहतो आणि घेर वाढत जातो. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, सहज श्वास सोडून झाल्यावर, पोट आत न ओढता टेप धरली पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत २२.९ टक्के पुरुषांचा बीएमआय २५ किंवा अधिक होता, तर कंबर आणि नितंब यांचे गुणोत्तर धोक्याच्या पातळीवर असलेले पुरुष ४७.७ टक्के होते. काट्यावर न दिसणारे किती जण टेपेवर सापडतात, हे या दोन आकड्यांतून कळते.

साठीनंतर मात्र प्रश्न बदलतो, आणि याविषयी आपल्याकडे फारच कमी बोलले जाते. वयाबरोबर स्नायू झिजतात आणि त्यांची जागा चरबी घेते, त्यामुळे वजन तसेच राहूनही टक्केवारी चढते. ती खाली आणण्यासाठी सत्तरीतले गृहस्थ रात्रीचे जेवण सोडतात, दूध-डाळ कमी करतात, आणि चरबीबरोबर उरलेसुरले स्नायूही गमावतात. मग जमिनीवरून उठणे अवघड होते, तोल जातो, खुब्याचे हाड मोडते. या वयात बारा टक्क्यांचा ध्यास धरण्यापेक्षा पंचवीसच्या आत राहून पाय मजबूत ठेवणे मला शहाणपणाचे वाटते. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ साली दिलेले निकष सोपे आहेत: पुरुषाच्या मुठीची पकड यंत्रावर २८ किलोपेक्षा कमी भरली, पोटरीचा घेर ३४ सेंटीमीटरहून कमी असला किंवा खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद किंवा अधिक लागले, तर स्नायूंची तपासणी करून घ्यावी. प्रयत्न न करता वजन उतरू लागले, तर ‘बारीक झालात’ असे कौतुक न करता डॉक्टरांकडे पाठवावे. वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांनी चरबीबरोबर स्नायूही काही प्रमाणात घटतात, म्हणून ती घेणाऱ्या ज्येष्ठांनी प्रथिनांबद्दल आणि वजन उचलण्याच्या व्यायामाबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

शिबिरे भरवणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे की, चाळिशीपुढच्या प्रत्येक पुरुषाच्या कागदावर कंबरेचा घेर आणि उंचीशी त्याचे प्रमाण लिहावे, साठीपुढच्यांना खुर्चीवरून पाच वेळा उठायला लावावे, आणि चरबीची टक्केवारी द्यायचीच असेल, तर हिरवा शेरा काढून टाकावा. आपल्या आरोग्य पुरवणीतही कंबर मोजण्याची रीत आकृतीसह छापावी. ज्यांना पेसमेकर बसवला आहे, त्यांनी विजेच्या प्रवाहावर चालणाऱ्या या काट्यावर उभे राहू नये, ही सूचना काट्याशेजारी मोठ्या मराठी अक्षरांत लावलेली मी क्वचितच पाहिली आहे. ती पुढच्याच शिबिरापासून लावावी.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, पुणे