तिघं आहात, तर माळ सोबतच म्हणा

चिरंजीव लेकरा,

जय येशू. परवा फोनवर तू म्हणालास, "माय, शिफ्टवरून आलो की मोबाईलवर जपमाळ लावतो आणि ऐकत पडतो." बरं वाटलं. पण रूमवर आपल्याच चर्चची आणखी दोन पोरं असताना तिघांनी बसून ती म्हणावी, असं मला फार वाटतंय. फोनवर तुला घाई असते, म्हणून लिहिते.

माळेत पुन्हापुन्हा येणारी नमो मरिया ही प्रार्थनाच वाटून म्हणता येईल अशी आहे. पहिला भाग गब्रिएल दूताचा मरियेला नमस्कार आणि तिच्या नात्यातल्या अलिशिबेचे शब्द, दोन्ही लूकच्या शुभवर्तमानातले. तो पुढं म्हणणाऱ्यानं म्हणायचा. दुसरा भाग आपली विनवणी, आता आणि मरणाच्या घटकेला आमच्यासाठी प्रार्थना कर, ती बाकीच्यांनी मिळून. एकट्यानं म्हटली तरी देव ऐकतोच. पण दिवसभर मशीनपाशी उभं राहून आलेल्या माणसाला त्रेपन्न वेळा दोन्ही भाग रेटायचे म्हटले की पहिल्या दहा मण्यांतच डोळा लागतो. समोरून कोणी बोलत असलं की माणूस जागा राहतो. आपल्या गावच्या देवळात हरिपाठाला दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, तसंच हे.

इकडं ऑक्टोबरात मरियामातेची मूर्ती घरोघर फिरते, तुला ठाऊकच आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८८३ साली हा महिना जपमाळेला वाहिला, आणि आपल्याकडं तो नेमका सोयाबीनच्या काढणीत येतो. माणसं दिवसभर रानात वाकून थकलेली, कडूसं पडल्यावर हातपाय धुऊन येतात, तरी ज्याच्या अंगणात मूर्ती असेल तिथं सतरंजी कमी पडते. लाईट गेली तरी चालतं, मणी तर बोटांनीच मोजायचे असतात.

गेल्या साली मधल्या गल्लीतल्या काकूंचे मालक गेले, तेव्हाचं तुला सांगायचं राहिलं होतं. नंतर एका मंगळवारी त्यांच्याच घरी माळ होती. मंगळवार, म्हणजे दुःखाची रहस्यं. रहस्य म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातला प्रसंग, दर दहा मण्यांना एक मनात आणायचा. काकू भिंतीला टेकून बसल्या, माळ हातात, पण तोंडातून शब्द निघेना. त्यांना कोणी म्हणा म्हणालं नाही. त्यांच्या वाटचं उत्तर आम्ही सगळ्यांनी दिलं. चौथं रहस्य आलं, येशू क्रूस वाहतो. तेव्हा मी पाहिलं, त्यांचा अंगठा एक मणी पुढं सरकला. मग दुसरा. आवाज काही फुटला नाही. पुढच्या आठवड्यात दुसऱ्यांच्या अंगणात त्या आपल्या पायानं आल्या आणि शेवटचे दहा मणी त्यांनीच पुढं म्हटले. लेकरा, तुलाही कधीतरी तोंडातून शब्द निघणार नाही असा दिवस येईल. त्या दिवशी तुझ्या वाटचं म्हणायला शेजारी कोणी असावं, एवढ्यासाठी माझा हा सगळा आग्रह.

आता म्हणायची कशी ते. पळवू नका. तरण्या पोरांना पळवायची फार सवय, एकाचं संपायच्या आत दुसरा सुरू करतो. सगळ्यात हळू म्हणणाऱ्याचं आमेन होऊ द्या, मग पुढचा मणी. रहस्याचं नाव घेतलं की जरा थांबा, तो प्रसंग डोळ्यांपुढं येऊ द्या. पोप पॉल सहावे यांनी १९७४ मध्ये लिहिलं होतं की मनन नसेल तर जपमाळ म्हणजे आत्म्याविना देह. मला ते अगदी पटतं. नुसती मोजणी करून उठलं की मन कोरडंच राहतं. पाचही दहांना, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच भागांना, एकच पुढं नको, आळीपाळीनं म्हणा. इकडं आम्ही चौथी-पाचवीतल्या पोरांनाही एक दहा देतो. मागं एकीनं अकरा नमो मरिया म्हटल्या, कोणी टोकलं नाही. आणि प्रत्येक दहाच्या आधी ती कुणासाठी ते नाव घेऊन सांगा. आजारी असेल, कर्जात असेल, परीक्षेला बसणार असेल. मोघम "सगळ्यांसाठी" म्हटलं की मन कुणापाशीच थांबत नाही.

वीस मिनिटं लागतात, जास्त नाही. तिघांच्या शिफ्ट वेगळ्या असल्या तर रोज जमणार नाही, मग ज्या वारी तिघं घरी असाल तो वार धरा आणि तो सोडू नका. सोमवार-शनिवार आनंदाची रहस्यं, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची. गुरुवार धरलात तर प्रकाशाची. ती पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये जोडली, म्हणून तुझ्या आजीच्या जुन्या पुस्तकात सापडणार नाहीत. वहीत उतरवून घे: यार्देन नदीतला बाप्तिस्मा, काना गावचं लग्न, देवराज्याची घोषणा, डोंगरावरचं रूपांतर, आणि शेवटच्या भोजनाला ख्रिस्तशरीर-संस्काराची स्थापना.

त्या दोघांना विचार आणि रविवारी फोन कर. पहिल्या दहाला त्यांच्या आयांचं नाव घ्या, दोघीही इकडं माळेला येतात आणि पोरांची फार काळजी करतात.

तुझी माय