रायफलीआधी काडतुसाचा हिशेब मांडावा

महोदय,

अमेरिकी लष्कराने ५.५६ मि.मी. काडतुसाला पर्याय म्हणून ६.८ मि.मी.चे काडतूस आणि त्यासाठीची नवी रायफल २०२२ मध्ये निवडली. शत्रूच्या अंगावरचे चिलखत दुरूनही भेदता यावे हा त्यामागचा हेतू रास्त असला, तरी काडतूस मोठे व जड असल्याने मॅगझीन (रायफलीत बसणारा काडतुसांचा खोका) ३० ऐवजी २० राउंडचे, म्हणजे काडतुसांचे, झाले आणि जवानाजवळचे नेहमीचे राउंड २१० वरून १४० वर आले, ही किंमत लहान नाही. मी पायदळात ‘इन्सास’ ही देशी रायफल वागवली आहे. चकमकीत माणूस आधी उरलेली मॅगझिने चाचपतो.

आपल्या लष्कराच्या रायफलींपैकी ‘इन्सास’ला ५.५६, ‘सिग-७१६’ला ७.६२ बाय ५१ (गोळीचा व्यास बाय काडतुसाच्या नळीची लांबी) आणि अमेठीजवळच्या कोरवा येथे बनणाऱ्या ‘एके-२०३’ला ७.६२ बाय ३९ मि.मी. काडतूस लागते. शेवटची दोन्ही बोलण्यात ‘सेव्हन-सिक्स-टू’च, पण एकाचे दुसऱ्यात चालत नाही, आणि काडतुसांची पेटी चुकली तर चौकीवर ती निरुपयोगी ठरते. गोव्यातल्या आमच्या डिचोली-सत्तरीतून आजही मुले भरतीला जातात. त्यांच्या हाती नवी रायफल देताना तिच्या काडतुसांचे देशी उत्पादन आणि सरावासाठी पुरेसा साठा आधी निश्चित करावा, ही संरक्षण मंत्रालयाला कळकळीची विनंती.

– एक निवृत्त सैनिक, डिचोली