सूचना : मागच्या सीटवरही बेल्ट लावा

सर्व सभासदांना नमस्कार,

गणपतीसाठी गावी निघायची लगबग सुरू झाली आहे, म्हणून आधीच कळवत आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-बी नुसार बेल्ट न लावल्यास १,००० रुपये दंड आहे. मुंबईत १ नोव्हेंबर २०२२ पासून पोलिसांनी चालकाबरोबर सर्वच प्रवाशांना बेल्ट सक्तीचा केला. चौदा वर्षांखालील मूल बेल्टशिवाय बसले, तर दंड चालकाला.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री मोटार अपघातात गेले. ते मागच्या सीटवर होते आणि पोलिसांच्या म्हणण्यानुसार बेल्ट लावलेला नव्हता.

काल पार्किंगमध्ये पाहिले, तर बऱ्याच गाड्यांत मागची बकले सीट कव्हरखाली दबून गेली आहेत. माझ्याही गाडीत तेच, बोटे घालून ओढून काढावी लागली. निघायच्या आदल्या रात्री प्रत्येकाने ती वर काढून ठेवावीत. बेल्ट न लावल्यावर वाजणारा आवाज बंद करायला बकलात खोटी क्लिप अडकवली असेल, तर कृपया आजच काढून टाका. आणि हो, लेकराला मांडीवर घेऊन एकाच बेल्टमध्ये दोघे बसू नका. धडकेत मोठ्या माणसाचा भार लेकरावर येतो.

– सचिव