वाट राखणाऱ्यांची मजुरी

प्रिय आई-बाबा,
सा. न.

बाबा, मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत की डोंगरावरून सायकली हाणणारे, लाटांवर फळी घेऊन जाणारे, कड्याला दोर लावून चढणारे हे लोक येतात नि जातात, गावाच्या पदरात नक्की काय पडतं? आई, तुझा प्रश्न वेगळा होता. त्या डोंगराची वाट लागत नाही का, असं तू म्हणालीस. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. माझ्या मते दोघांनाही उत्तर एकच आहे. वाट, कडा किंवा नदी राखायचं काम गावातल्याच माणसाला पगारी मिळालं, तर पैसाही गावात मुरतो आणि डोंगरही शाबूत राहतो. ते काम बाहेरच्याच्या हातात गेलं किंवा कुणाच्याच हातात राहिलं नाही, तर दोन्ही जातं.

आधी पैशाचं सांगते. नुसतं बघायला आलेला माणूस फोटो काढून संध्याकाळी परततो. खेळायला आलेल्याला मुक्काम करावाच लागतो, कारण त्याचा खेळ हवामानाच्या हातात असतो. पॅराग्लायडिंगवाले वाऱ्यासाठी दोन-दोन दिवस खोळंबतात, सर्फर, म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवर स्वार होणारे, लाट लागण्याची वाट बघतात. कडे चढणाऱ्यांची बोटांची कातडी दोन दिवसांत सोलवटते, कंडरा दुखू लागतात, मग तिसरा दिवस विश्रांतीचा ठेवावा लागतो. त्या दिवशी तो काहीच चढत नाही, पण खोलीभाडं चालू असतं, जेवणखाण चालू असतं, फाटलेला बूट शिवून घेणं चालू असतं. गावाची खरी कमाई या रिकाम्या दिवसांत होते. स्पर्धेच्या दिवशी गर्दी दिसते म्हणून सगळं लक्ष तिकडे जातं, पण स्पर्धा दोन-चार दिवसांची असते. वर्ष भरून काढतो तो हा मुक्काम.

सायकल दुरुस्तीचं एक उदाहरण देते, म्हणजे पैसा कसा अडतो किंवा निसटतो ते कळेल. डोंगरातल्या सायकलीचा मागचा गिअर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर बसवलेला असतो, त्याला हँगर म्हणतात. सायकल आपटली की हा तुकडा वाकावा किंवा मोडावा, म्हणजे महागडी चौकट वाचते, अशीच त्याची रचना असते. अडचण ही की जवळजवळ प्रत्येक कंपनीचा, आणि पुष्कळदा प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा. दुकानदाराकडे नेमका तो नसला तर पाहुण्याची सायकल तिथेच उभी राहते, आणि तो बाहेरून मागवतो किंवा चक्क निघून जातो. म्हणून जाणता दुकानदार भाड्याच्या सायकली दोनच मॉडेलच्या ठेवतो. त्यांचे हँगर डझनाने घेतो आणि वाकलेला सरळ करायचं हत्यार भिंतीला टांगून ठेवतो. ब्रेक पॅडचंही तसंच. रेझिनचे पॅड आवाज कमी करतात, पण चिखल-वाळूच्या ओल्या उतारावर भराभर झिजतात. तिथे धातुमिश्रित पॅड लागतात. बिनट्यूबच्या टायरमधलं द्रव उन्हात दोन-तीन महिन्यांत सुकतं, मग छोटंसं भोकही बुजत नाही. हे ज्याला कळतं असा एक तरुण मिस्त्री गावात तयार झाला, तर आलेल्या पैशातला मोठा वाटा गावातच फिरतो.

दुसरा फायदा हंगामाचा. बहुतेक पर्यटनगावं चार महिने धावतात आणि आठ महिने बसून राहतात. साहसी खेळ नेमके त्या बसण्याच्या महिन्यांत उपयोगी पडतात. पोर्तुगालमधल्या नाझारेला उन्हाळ्यात पोहणाऱ्यांची गर्दी असे आणि हिवाळ्यात किनारा ओस पडे. तिथे समुद्रतळाशी एक खोल दरी आहे. ती अटलांटिकच्या हिवाळी लाटांचा जोर एका जागी आणून सोडते. २०११ मध्ये गॅरेट मॅकनमारा हा अमेरिकन सर्फर तिथे ७८ फुटांच्या लाटेवर स्वार झाला. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सेबास्टियन स्टॉइडनर या जर्मन सर्फरने घेतलेली लाट २६.२१ मीटरची भरली. आता हिवाळ्यात लाट उठणार असली की दीपगृहाच्या कड्यावर माणसं दाटीवाटीने उभी असतात. त्यातले बहुतेक पाण्यात पायही घालत नाहीत, पण खोली मात्र घेतात. ग्रीसच्या कालिम्नोस बेटावर पिढ्यान्‌पिढ्या समुद्रातले स्पंज काढायचा धंदा होता. १९८६ मध्ये रोगाने भूमध्य समुद्रातले बरेच स्पंज मेले आणि धंदा बसला. १९९६ मध्ये आंद्रेया दी बारी या इटालियन गिर्यारोहकाला तिथले चुनखडीचे कडे दिसले आणि चढाईचे मार्ग आखले जाऊ लागले. तिथे चढाईचा उत्तम काळ वसंत आणि शरद, म्हणजे समुद्रस्नानाची गर्दी नसतानाचा. कॅनडातल्या व्हिसलरने बर्फावर घसरणाऱ्यांना डोंगरावर नेणारे दोरावरचे पाळणे उन्हाळ्यात सायकली वर न्यायला वापरले. यंत्र तेच, चालवणारी माणसं तीच, पण पगाराचे महिने वाढले.

आता आई, तुझ्या प्रश्नाकडे येते. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझं मन याच कामात रमतं.

डोंगरातली सायकलवाट चाकांनी जितकी खराब होते त्याहून कितीतरी अधिक पाण्याने होते. चाक माती सैल करतं, वाहून नेतं ते पाणी. म्हणून वाट आखताना पहिला प्रश्न असा की पावसाचं पाणी या वाटेवर चढलं तर उतरणार कुठून? सरळ उताराच्या दिशेने काढलेली वाट पहिल्याच पावसाळ्यात ओघळ बनते. हलक्या उताराच्या माळावर तर हमखास फसायला होतं. चढ कमी आहे म्हणून लोक वाट सरळ खाली नेतात, आणि पाण्याला बाजूला पडायला जागाच उरत नाही. यावर नियम असा, की वाटेचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. डोंगर ३० टक्के उतरत असेल तर वाट १५ च्या आत, माळ १० टक्केच उतरत असेल तर वाट ५ च्या आत. शिवाय पूर्ण वाटेची सरासरी १० टक्क्यांच्या आसपास ठेवायची, म्हणजे १० मीटर चाललं की १ मीटर चढ किंवा उतार.

दुसरी गोष्ट बाहेरच्या कलाची. एक मीटर रुंद वाटेची दरीकडची कड आतल्या कडेपेक्षा ५ सेंटिमीटर खाली ठेवायची, म्हणजे पाणी वाटेवरून आडवं निघून जातं. पण चाकांनी मधली माती दबत जाते, कडेला मातीचा बारीक बांध उभा राहतो आणि वाटेची पन्हळ होते. पावसाळ्याआधी आणि नंतर कुदळीने तो बांध फोडून सारखा करावा लागतो. याला तंत्रज्ञ लागत नाही, पण नजर लागते, आणि ती नजर पावसात वाट पाहिलेल्या स्थानिक माणसाचीच असते. तिसरी गोष्ट, दर ६ ते १५ मीटरवर उतरती वाट थोडी वर उचलायची आणि मग पुन्हा उतरवायची. त्या खोलगट जागी पाणी थांबतं, वळतं आणि बाहेर पडतं. सायकलवाल्याला तो उंचवटा गमतीचा वाटतो, वाटेला मात्र तो जगवतो.

वाट कापताना ती पूर्णपणे मूळ डोंगरात कापावी. अर्धी कापून, निघालेली माती दरीकडे टाकून त्यावर अर्धी वाट बसवण्याचा मोह होतो, कारण मेहनत निम्मी होते. पण भरावाची माती दबते, मग सुटते आणि कड घसरते. वरचा पालापाचोळा आणि भुसभुशीत थर काढून खालच्या घट्ट मातीवरच चाक फिरलं पाहिजे. वळणाआधी सगळे ब्रेक दाबतात, तिथे खड्ड्यांची रांग पडते. त्यावर उपाय म्हणजे वळणाच्या अलीकडे वाटेला छोटा चढ द्यायचा, वेग आपोआप पडतो. पाऊस पडून गेल्यावर वाट सुकेपर्यंत बंद ठेवायची, चिकण माती असेल तर जास्तच दिवस. हा फलक लावणं सोपं, पण पाहुणे दारात उभे असताना तो पाळणं अवघड. ज्याला उद्या कुदळ मारायची आहे तोच ‘आज नाही’ म्हणू शकतो.

कड्यांवरची काळजी वेगळी आहे. दोर अडकवायला खडकात बोल्ट मारलेले असतात. समुद्राजवळच्या कड्यांवर साधा स्टेनलेस स्टीलचा बोल्ट वरून चकचकीत दिसतो, पण क्षार आणि उष्णतेने त्याला आतून सूक्ष्म तडे जातात आणि तो हाताच्या जोरानेही तुटू शकतो. थायलंडच्या रायलेमध्ये हे मोठ्या प्रमाणात घडलं. तिथे आता टायटॅनियमचे, रासायनिक चिकट्याने बसवलेले बोल्ट लावतात. ते कितीतरी महाग पडतात, पण टिकतात. ते बसवताना सगळ्यात जास्त चूक धुळीची होते. छिद्र पाडल्यावर ब्रशने घासायचं, फुंकून धूळ काढायची, पुन्हा घासायचं, पुन्हा फुंकायचं. एवढं केलं नाही तर चिकटा खडकाला न धरता धुळीला धरतो. मग भार द्यायच्या आधी तो पूर्ण वाळू द्यायचा. ससाण्यांची घरटी असलेले कडे विणीच्या काळात बंद ठेवायची पद्धत अनेक देशांत आहे, आणि गिर्यारोहक ती पाळतात, कारण एकदा विश्वास गेला तर कडा कायमचाच बंद होतो. मानवी विष्ठेचं सांगायला संकोच वाटतो, पण रोजचा त्रास तोच. पाण्यापासून ६० मीटर दूर, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा, नंतर माती. अरुंद खोऱ्यातल्या नदीकाठी एवढी जागाच नसते, तिथे ती पिशवीत भरून परत आणावी लागते.

एक गोष्ट मी लपवणार नाही. पर्यावरणावरचा मोठा भार पुष्कळदा खेळापेक्षा प्रवासाचा असतो. विमानाने येऊन दोन दिवस सायकल चालवून परत गेलेला पाहुणा, वाट कितीही उत्तम बांधली असली तरी, भारीच पडतो. म्हणून गावाने माणसं मोजण्यापेक्षा रात्री मोजाव्यात. तोच पाहुणा दोनऐवजी आठ रात्री राहिला तर प्रवास तेवढाच आणि गावातली कमाई कितीतरी पट. वर चढायला प्रत्येकाची गाडी नेण्याऐवजी ठरलेल्या वेळेची एक बस ठेवली तर धूळ आणि वाहनतळ, दोन्हींचा त्रास कमी होतो.

बाबा, नुकसानीच्या बाजूला काय लिहायचं तेही सांगते. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरचं डर्बी हे कथील खाणीचं गाव, खाण संपल्यावर रिकामं होत गेलं. २०१५ मध्ये तिथे सायकलवाटा सुरू झाल्या, २०१७ मध्ये जागतिक मालिकेची शर्यत झाली, गाव पुन्हा भरलं. पण अशा लहान गावांत घरं पाहुण्यांना भाड्याने देणं फायद्याचं ठरतं आणि तिथेच काम करणाऱ्याला राहायला खोली मिळत नाही. घरांपैकी किती पाहुण्यांसाठी द्यायची, हे गर्दी वाढण्याआधी ठरवावं लागतं. मागाहून कुणी ऐकत नाही.

शिवाय हा धंदा एका नैसर्गिक गोष्टीवर उभा असतो आणि ती दुसऱ्याच कुणाच्या हातात असते. स्पेनच्या मुंदाकामध्ये खाडीच्या मुखाशी साचलेल्या वाळूमुळे सुंदर लाट फुटते. २००३ मध्ये खाडीतला गाळ उपसल्यावर वाळूचा थर विस्कटला, लाट बिघडली आणि २००५ मधली मोठी स्पर्धा रद्द झाली. पुढे वाळू परतली, लाटही परतली. युगांडातल्या जिंजा शहराजवळ नाईलचे रॅपिड्स, म्हणजे खडकांवरून उसळत जाणारे वेगवान प्रवाह, जगभरातले राफ्टिंगवाले (हवा भरलेल्या नावेतून असे प्रवाह उतरणारे) शोधत येत. २०१२ चं बुजागली धरण आणि २०१९ चं इसिंबा धरण झाल्यावर त्यातले बरेच पाण्याखाली गेले. वीज हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण धरणाच्या कागदांत नावाड्याची आणि मार्गदर्शकाची बुडालेली मिळकत लिहिलेली असावी, एवढं तरी झालं पाहिजे. पेरूने २००० मध्ये सर्फिंगच्या लाटांना संरक्षण देणारा कायदा केला, २०१३ मध्ये त्याचे नियम आले आणि २०१६ मध्ये तिथल्या चिकामा किनाऱ्याची लाट नोंदवली गेली. तिथे लाटेजवळ धक्का बांधायचा झाला तर आधी ती नोंद आडवी येते. मला हा फार शहाणपणाचा कायदा वाटतो.

आई, जिवाच्या भीतीबद्दल थोडक्यात. चांगली संस्था ओळखायची तर ती काय करत नाही ते पाहावं. नदीला ठरलेल्या खुणेवर पाणी चढलं की ती राफ्ट उतरवत नाही, मग बुकिंग कितीही असो. दुपारी ऊन तापून वारा उसळू लागला की नवख्याला पॅराग्लायडरवर घेत नाही. राखीव पॅराशूट उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, साधारण सहा महिने ते वर्षात, उघडून पुन्हा घडी करते आणि तारखेची नोंद दाखवते. जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी फेकून देते. आणि बचावाचं शिक्षण गावातल्याच मुलांना देते, कारण दुर्गम जागी पहिला तासभर तेच हाताशी असतात.

बाबा, या सगळ्यात सर्वांत दुखरं खातं देखभालीचं. वाट बांधायला अनुदान मिळतं, उद्‌घाटनाला माणसं जमतात, पण तिसऱ्या वर्षी बांध फोडायला आणि आठव्या वर्षी बोल्ट बदलायला कुणी पैसे ठेवलेले नसतात. प्रत्येक मुक्कामामागे एक ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात जमा करायची आणि त्यातून फक्त मजुरी आणि साहित्यच द्यायचं, असा एक कच्चा आराखडा सोबत पाठवते आहे. घसाऱ्याचा तक्ता तुम्ही नीट तपासा. वाटेला मी पाच वर्षं धरली आहेत, पण जास्त पावसाच्या उतारासाठी ती मलाच जास्त वाटतात. तुमच्या खुणा करून पाठवलात की पुढच्या बैठकीत मांडीन.

आई, गुडघ्याचं औषध चुकवू नकोस.

तुमची,
लेक