आधी खाट, मग प्रार्थना

महोदय,

अमेरिकेतल्या बेघरांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. घरभाडी, फेंटानिल या अमली पदार्थाची नशा, पदपथांवरचे तंबू हे सगळं त्यात नीट आलं आहे. पण बेघरांसाठी चालणाऱ्या ख्रिस्ती मिशनांना लेखकानं ‘सूपच्या वाटीवर धर्मांतर’ म्हणत एका वाक्यात निकालात काढलं, ते पटलं नाही. मी ख्रिस्ती नाही. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या, नाव गुप्त ठेवणाऱ्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस (एए) या संघटनेचा सभासद आहे, आणि आमची नाळ अशाच एका मिशनमध्ये पुरलेली आहे, म्हणून लिहितो.

न्यूयॉर्कच्या वॉटर स्ट्रीटवर १८७२ मध्ये जेरी मकॉलीनं पत्नी मारियासह मिशन उघडलं, तेव्हा तो कुणी पाद्री नव्हता. नदीवर चोऱ्या करणारा, सिंग सिंगच्या तुरुंगात वर्षं काढलेला दारुडा होता. तुरुंगात त्याला श्रद्धा सापडली, आणि सुटल्यावर तो पुन्हा पुन्हा घसरला. म्हणूनच असेल, त्याच्याकडे प्रवचनापेक्षा अनुभवकथनाला मान होता. शिकागोच्या पॅसिफिक गार्डन मिशनमध्ये जानेवारी १८९७ मध्ये मेल ट्रॉटर नावाचा न्हावी पिऊन शिरला. सरोवरात जीव द्यायला निघालो होतो, असं तो पुढे सांगत असे. तीन वर्षांनी त्यानं ग्रँड रॅपिड्सला स्वतःचं मिशन उभं केलं. सूपसाठी गुडघे टेकणारा सूप संपलं की उठून जातो, हे मिशनवाल्यांना लेखकमहाशयांपेक्षा चांगलं ठाऊक असतं.

आता आमची गोष्ट. १९३४ च्या हिवाळ्यात एबी थॅचर नावाचा दारुडा न्यूयॉर्कच्या कॅल्व्हरी चर्चच्या मिशनमध्ये राहत होता. दारू सुटलेली. तो आपला जुना दोस्त बिल विल्सन याला भेटायला गेला. समोर ठेवलेला पेला त्यानं नाकारला, एवढ्यानंच बिल चक्रावला. काही दिवसांनी बिल स्वतः त्या मिशनमध्ये जाऊन आला, तोही वाटेत पीत पीत. डिसेंबरात तो इस्पितळात दाखल झाला आणि त्यानंतर त्यानं दारूला हात लावला नाही. पुढच्या वर्षी अॅक्रनला त्याला डॉक्टर बॉब हे दुसरे दारुडे भेटले आणि एए सुरू झालं. १९३९ मध्ये दारू सोडण्याच्या आमच्या बारा पायऱ्या छापायची वेळ आली, तेव्हा देव न मानणाऱ्या सभासदांनी आडकाठी घातली. मग ‘परमेश्वर’ शब्दाला ‘आम्हाला उमगला तसा’ ही जोड मिळाली आणि ‘गुडघे टेकून’ हे शब्द गळले. त्यामुळेच आज आमच्या सभेत माळकरी, नमाजी आणि पक्का नास्तिक एका बाकावर बसतात. बाक मात्र पुष्कळदा चर्चच्या शाळेचा असतो. संध्याकाळी दारुड्यांसाठी वर्ग उघडून देणारे दुसरे फारसे कुणी भेटत नाहीत.

मिशनमध्ये माणूस सुधारतो तो श्रद्धेमुळे की संगतीमुळे, हे मला सांगता येणार नाही. दारू सोडणाऱ्याला सगळ्यात जड जातो तो संध्याकाळी सात ते नऊचा वेळ. घर असलेल्याला निदान बायकोशी भांडता येतं. फुटपाथवरच्या माणसाला गुत्त्यावरचे सोबती हेच गणगोत. मिशन त्याला त्या वेळेत जेवण देतं, गाणी म्हणायला लावतं, नावानं हाक मारतं आणि सकाळी हातात झाडू देतं. ‘येशूनं मला उचललं’ असं तो म्हणत असेल, तर तुम्ही-आम्ही त्याला खोटं ठरवणारे कोण? त्याची तब्येत बघा, हात थरथरतात का बघा.

लेखकाची शंका निराधार आहे असं मात्र नाही. ओरेगॉनमधल्या ग्रँट्स पास गावात गॉस्पेल रेस्क्यू मिशनमध्ये खाट हवी तर प्रार्थनेला हजर राहावं लागे. उघड्यावर झोपणाऱ्या बेघरांना गावानं दंड केला, त्यावरच्या खटल्यात खालच्या कोर्टानं त्या खाटा ‘उपलब्ध’ धरल्या नाहीत, आणि ते मला योग्यच वाटतं. (जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी गावाच्या बाजूनं निकाल दिला, ते निराळं.) आपल्याकडेही १८९३ मध्ये धर्मांतराच्या याच शंकेतून रानडे-भांडारकरांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या विधवांच्या शाळेच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं होतं. थंडीत कुडकुडणाऱ्यापुढे अट ठेवली की त्याच्या होकाराला किंमत राहत नाही. खाट बिनशर्त मिळावी. प्रार्थनेच्या खोलीचं दार उघडं असावं, ज्याला जायचं तो जाईल.

आपल्या शहरांत तर खाटांपासूनच बोंब आहे. लाख लोकसंख्येमागे एक निवारा, तोही चोवीस तास आणि बारा महिने, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच बजावलं. जे निवारे आहेत, त्यांतल्या माझ्या माहितीतल्या काहींत तोंडाला वास आला की दारातूनच परत पाठवतात. भांडणं होतात, बायका-मुलं असतात, हे मान्य. मग पिऊन आलेल्यांसाठी वेगळी खोली ठेवा, आणि तिथं रात्रपाळीला एखादा दारू सुटलेला माणूस नेमा. आमच्यासारख्या गटांना आठवड्यातून एक संध्याकाळ तिथली सतरंजी वापरू द्या. त्याचे पैसे पडत नाहीत. महापालिकेच्या संबंधित खात्यानं विचारलं, तर माणसं आम्ही पुरवू.

आपला,
एक वाचक, पुणे
(आमच्या परंपरेनुसार नाव छापू नये, ही विनंती.)